ज्याचं खातं, त्याचं बोट

आमच्या घरात जेवायला बसलं की भांडण ठरलेलं. तेही शेताच्या बांधावरून नाही, सोयरिकीवरून नाही, तर ऑपरेटिंग सिस्टीमवरून. माझा थोरला भाऊ रणजित ‘सारथी’चा माणूस आणि मी ‘अढळ’ची. कोल्हापूरकडची माणसं तालमीवरून आणि फुटबॉलच्या संघावरून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पण यंत्र कुठल्या प्रणालीवर चालावं यावरून सख्खा भाऊ बहिणीच्या पुढ्यातली भाकरीची दुरडी ओढून घेतो, हे आमच्याच घरात बघावं.

भांडणाला कारणही तसंच होतं. रणजितदादा आमच्या माळवडीच्या डेअरीचा सचिव. मी तालुक्याच्या दूध संघात संगणक विभागाची प्रमुख. गावोगावच्या डेअऱ्यांतली यंत्रं, म्हणजे दूध मोजणारी, दुधातली फॅट तपासणारी, दूध गार ठेवणारी, सगळी कुठल्या प्रणालीवर चालणार, हे ठरवायचं काम माझ्याकडे. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभारी. कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातून परत पाठवायचं, हे तो ठरवतो. कारभारी ढिला असला की घर लुटलं जातं.

“सारथी कशी गोड बोलती बघ,” दादा म्हणायचा. “रंग काय, चित्रं काय. म्हाताऱ्या माणसालाबी कळतंय. तुझी ती अढळ म्हंजे बिनमिठाची आमटी.”

“आणि तुझ्या सारथीला दर आठवड्याला ठिगळ लागतं, त्याचं काय?”

“ठिगळ लावत्यात म्हंजे काळजी घेत्यात.”

आई दोघांच्या मध्ये बसून निमूट जेवायची. तिच्या दृष्टीनं दोन्ही यंत्रं सारखीच, कारण यंत्र कुठलंही असलं तरी दूध तिलाच घालायचं होतं.

सारथीत एक गंमत होती. तिच्या कर्त्यांपैकी कुणीतरी चाचणीसाठी एक चोरवाट ठेवली होती आणि ती बुजवायची विसरला होता. सचिवाच्या पडद्यावर तीनदा शून्य दाबलं की यंत्र बोटाचा ठसा न मागता कुणाचंही दूध कुणाच्याही खात्यावर घ्यायचं. आमच्या शास्त्रात याला भोक म्हणतात. आमच्या तालुक्यात याला सोय म्हणत. सगळ्या सचिवांना ती पाठ होती आणि दादा तर डोळे मिटून शून्यं दाबायचा.

मग चाळण आली. चाळण ही एक कृत्रिम बुद्धिमत्ता. कुठलंही सॉफ्टवेअर तिच्यापुढे ठेवा, त्यातली भोकं ती काढून दाखवते. भल्या माणसांनी ती भोकं बुजवायला बनवली आणि वर्षाच्या आत ती चोरांच्या हाती गेली. पूर्वी एक भोक शोधायला हुशार माणसाचे आठवडे जायचे. आता चहा उकळेपर्यंत काम व्हायचं. शेजारच्या तालुक्यातल्या एका संघाची यंत्रं अशीच कुणीतरी परदेशात बसून एका सकाळी बंद पाडली. कूलर थांबले, टाक्यांतलं दूध नासलं आणि ते ओढ्यात सोडावं लागलं. पांढरा ओढा बघायला आम्ही सगळे गेलो होतो. त्या दिवसानंतर कुठली प्रणाली बरी, हा निदान माझ्यासाठी तरी आवडीनिवडीचा प्रश्न उरला नाही.

अढळ वेगळी कशी, ते सांगते. नववीत आपण शिकलो की त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन. समजा तुम्ही हजार त्रिकोण काढले आणि कोनमापकानं मोजले, तर ती झाली तपासणी. पुढचा त्रिकोण दगा देणार नाही कशावरून? पण बाईंनी फळ्यावर एक समांतर रेघ ओढून जे दाखवलं, ती सिद्धता. ती जगातल्या सगळ्या त्रिकोणांना लागू, अजून कुणी न काढलेल्यांनाही. सॉफ्टवेअर इतकी वर्षं आपण पहिल्या रीतीनं तपासत होतो. हजार वेळा चालवून बघायचं आणि देवाचं नाव घेऊन लोकांच्या हाती द्यायचं. सिद्धता देता येते हे गणितज्ञांना ठाऊक होतं, पण एवढ्याशा प्रणालीची सिद्धता लिहायला तज्ज्ञांचं अर्धं आयुष्य जायचं.

आता ती लिहिणारी यंत्रं आली आहेत. त्यांचं सगळ्यात सुंदर अंग असं की लिहिणारं यंत्र चुकलं तरी बिघडत नाही. त्यानं लिहिलेली पायरी न पायरी दुसरा एक लहानसा प्रोग्राम पडताळतो, आणि तो इतका लहान की माणसानं एका दुपारी स्वतः वाचून काढावा. मी वाचला. वाचून झाल्यावर ऑफिसात उभी राहून टाळ्या वाजवल्या. शिपाई बघत राहिला, बघू दे म्हटलं. चाळण अढळवर घातली, तर ती तीन दिवस फिरली आणि रिकाम्या हातानं परत आली. माझ्या उभ्या नोकरीत मला असा आनंद झाला नव्हता.

फक्त एक गोष्ट मी सगळ्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत होते. अढळ एवढंच सिद्ध करते, की तुम्ही घातलेल्या अटी कुणाच्याही हातून, कधीही मोडणार नाहीत. त्या अटी शहाण्या आहेत की खुळ्या, हे ती सांगत नाही. ते माणसांनी बघायचं.

माणसांनी ते कसं बघितलं, तर संघाच्या वार्षिक सभेत. सहकारातली सभा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मंडप भरलेला असतो, मागं जेवणाच्या पंगतीची भांडी वाजत असतात आणि व्यासपीठावरून ‘विषय क्रमांक’ एवढं उच्चारलं की खालून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. विषय कुठला, हे घरी गेल्यावर कळतं, किंवा कळतही नाही. अध्यक्ष विश्वासराव नलवडे यांना खोटी खाती बंद करायची होती, कारण त्यांच्या मते ती सगळी विरोधकांची होती. म्हणून त्यांनी स्वतः एक अट घातली होती: ज्याचं खातं, त्याचंच बोट. मी माईक हातात घेऊन म्हटलं, “ऐकून घ्या. ही अट एकदा बसली की मलाही वाकवता येणार नाही.” मंडप म्हणाला, “मंजूर.” पुढची अट, नाव बदलायचं तर खातेदाराचं बोट, आणि खातेदार मयत असेल तर सगळ्या वारसांची बोटं. “मंजूर.” तोवर पुढच्या रांगेतली माणसं पंगतीकडे निघालीसुद्धा होती.

त्या मंडपात बायका जवळजवळ नव्हत्याच. सभासद म्हणजे खातेदार, आणि खातेदार म्हणजे पुरुष.

अढळ सुरू झाली त्या सकाळी मी मुद्दाम आमच्या माळवडीच्या डेअरीत उभी होते. आधीची चाचणी तालुक्याच्या गावी झाली होती. तिथं पुरुष मोटारसायकलला कॅन अडकवून येतात, सगळं सुरळीत पार पडलं होतं. माळवडीत रांगेत पहिली होती सुवर्णा खोत. तिनं किटली ठेवली, बोट टेकवलं.

यंत्र म्हणालं, “हे बोट खातेदाराचं नाही. दूध घेता येत नाही.”

“पुसून लाव,” दादा म्हणाला. तिनं पदराला बोट पुसून पुन्हा लावलं. यंत्रानं तेच उत्तर दिलं. तिच्या मागची आली, तिलाही तेच. तिच्या मागची आली. मी रांगेवर नजर टाकली. रांगेत सगळ्या बायका होत्या. धार काढणाऱ्या त्या, डेअरीला येणाऱ्या त्या, आणि एकीच्याही नावावर खातं नव्हतं.

दादाच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं म्हणून सांगू. त्यानं मोठ्या थाटात तीनदा शून्य दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

“धना, ती सोय कुठं गेली?”

“सोय नाही. बुजवली नाही, ती मुळातच नाही.”

“मग आता गं?”

तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. “मॅडम, तालुक्यात सगळीकडं बोंब उठलीय. एका ठिकाणी लोकांनी यंत्राला हार घालून बाहेर आणून ठेवलंय. टँकर फिरायच्या आत निस्तरा, न्हाईतर सारथी परत बसवा. आमाला दूध पायजे, गणित नको.”

आणि ते माझ्या हातात होतं. अढळ कुणापुढे वाकत नसली तरी तिला उचलून बाजूला ठेवता येत होतं. यंत्र शेवटी आमचंच. सारथीची जुनी डिस्क माझ्या गाडीत होती. ती घातली की पुन्हा शून्यं, पुन्हा सोय, आणि एखाद्या सकाळी आमचाही ओढा पांढरा. तरी क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. समोर किटल्या तापत होत्या आणि ओळखीच्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

मग मला दिसलं की यंत्र चुकलेलंच नाही. चूक आमच्या सांगण्यात होती. आमचा सगळा तालुका एक सांगत होता आणि दुसरंच करत होता, आणि सारथीच्या भोकातून ते इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं. ढिला कारभारी आम्हाला आवडायचा, कारण आमचं घरच ढिलं होतं. अढळनं फक्त विचारलं, दूध नक्की कुणाचं? मला एकदम हुरूप आला. मी स्टुलावर चढले.

“बायांनो, घरी फोन लावा. खातेदाराला इथं बोलवा. एकतर त्यांनी स्वतः बोट लावून दूध घालायचं. नाहीतर एकदाच बोट लावून खातं तुमच्या नावावर करायचं. त्याबरोबर त्यांचं सभासदत्व तुमच्याकडे येतं, मतही येतं. दोन्ही वाटा त्यांनीच मंजूर केलेल्या आहेत.”

पाच मिनिटांत अख्खं गाव डेअरीपुढे. कुणी अर्धी दाढी केलेला, कुणाच्या तोंडात ब्रश. तानाजी खोत हापशावरून तसाच ओल्या अंगानं आला.

“आणा, मी लावतो बोट,” तो म्हणाला. “हाय काय त्यात?”

“उद्याही तुम्हीच या,” मी म्हटलं.

“उद्याबी?”

“रोज. दोन्ही वेळा. थंडीतसुद्धा.”

तानाजीनं रांगेकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं. हिशेब त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. “आनि हिच्या नावावर केलं, तर मत कुणाचं?”

“त्यांचं.”

तो बायकोकडे वळला. “तू कुणाला देशील मत?”

“जो पहाटं उठंल त्याला,” सुवर्णा म्हणाली.

सगळी रांग हसली, आणि तानाजीनं हसत हसतच बोट टेकवलं. सुवर्णानं आपलं टेकवलं. यंत्रानं तिचं नाव घेतलं, दूध घेतलं. मग एकामागून एक सुरू झालं. दोघेतिघे हट्टानं स्वतःचंच नाव ठेवून किटली घेऊन उभे राहिले, त्यांना त्यांच्याच दुधाची फॅट किती लागते हे पहिल्यांदा कळलं. बाकीच्यांना रोज पहाटे उठण्यापेक्षा मत सोडलेलं परवडलं. मी फोनवर फोन करून बाकीच्या केंद्रांना हीच वाट सांगत होते. पलीकडून हसण्याचा, ओरडण्याचा, भांड्यांचा आवाज यायचा. इतक्या वर्षांत कुठल्या भाषणानं झालं नसेल ते एका सकाळी होत होतं, आणि मी त्याच्या मधोमध उभी होते.

शेवटी आईची पाळी आली.

आमचे वडील, महादेव चौगुले, जाऊन बरीच वर्षं झाली. पण डेअरीत ते रोज दोनदा दूध घालत होते. दादा शून्यं दाबायचा, आई किटली रिकामी करायची. खात्याचं बघू, बघू म्हणता ते राहूनच गेलं होतं.

“खातेदार मयत,” यंत्र ग्रामपंचायतीची नोंद बघून म्हणालं. “वारस तीन. नवीन नाव सांगा आणि तिघांची बोटं द्या.”

“रणजित महादेव चौगुले,” दादा म्हणाला आणि स्वतःचं बोट लावून मोकळा झाला. मग त्यानं सहज मागं वळून पाहिलं. “या की. आई, दे बोट.”

आईनं हात पदराखाली घेतला.

“आईचं नाव लाव दादा,” मी म्हटलं.

“आगं, तिला कशाला ताप? मी हितं कायम असतोय, माझं बोट कायम हजर. आनि औंदा मला संचालक म्हणून उभं ऱ्हायचंय. सभासद नसलो तर अर्ज कसा भरू?” तो काही वाईट बोलत नव्हता. गावात असंच होतं, बापामागं मुलगा. त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

“मी बोट देत न्हाई,” आई म्हणाली.

बाहेर टँकरनं हॉर्न दिला.

“आई, दूध नासंल.”

“नासू दे. रणजित, म्हशीखाली कोण बसतंय?”

“तू.”

“पान्हा कुणाला बघून सोडती ती?”

“तुला. पन आई, घरातलंच हाय की सगळं. माझं काय आनि तुझं काय.”

“मग माझंच लाव की. घरातलंच हाय.”

दादा माझ्याकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, “धना, तूच बसवलंयस ह्ये. आतनं काय तरी वाट असंल.”

“नाही दादा. मलाही नाही. तेच तर सिद्ध झालंय.”

त्यानं शून्याच्या कळीवर बोट नेलं आणि मागं घेतलं. मला त्याच्या मनातलं कळत होतं. सारथी असती तर आईचं ‘नाही’ कुणाच्या कानावरही गेलं नसतं. तीन शून्यं, आणि काम झालं असतं. आज तिचं ‘नाही’ वाटेत आडवं बसलं होतं आणि त्याला वळसा घालायला जागा नव्हती. मी अढळ निवडली ती चोरांना बाहेर ठेवायला. तिच्यामुळे घरातल्या माणसाला विचारावं लागेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

“मग माझ्या उभं ऱ्हायचं काय?” दादा शेवटी म्हणाला.

“एक म्हस तुझ्या नावावर घे,” आई म्हणाली. “धार मात्र तू काढायची.”

तानाजी खोत सगळ्यांत मोठ्यानं हसला. दादाचे कान लाल झाले. माझा भाऊ हट्टी आहे, पण मनाचा लबाड नाही. त्यानं आपलं नाव मागं घेतलं, घसा खाकरला आणि यंत्राला स्पष्ट आवाजात सांगितलं, “शालन महादेव चौगुले.” त्यानं बोट लावलं, मग मी लावलं. आईनं पदराखालून हात काढला, बोट नीट पुसलं आणि टेकवलं.

“नवीन खातेदार, शालन महादेव चौगुले,” यंत्र म्हणालं. “दूध ओता.”

पण आई दूध ओतेना.

“धना, आता ह्ये नाव कुणाला काढता येतंय?”

“तुझ्या बोटाशिवाय कुणालाच नाही.”

“तू सांगू नगंस. तू लेक हाईस, गोडच सांगणार. त्याला इचार.”

मी विचारलं. शालन महादेव चौगुले यांच्या हयातीत, त्यांच्या बोटाशिवाय हे नाव निघेल, असा एखादा तरी मार्ग आहे का? पडद्यावरचा ठिपका फिरायला लागला. कुठलं बटण कुठल्या क्रमानं दाबलं तर, कुणी काय पाठवलं तर, आज हयात असलेला आणि अजून जन्मालाही न आलेला कुठलाही चोर कुठूनही आला तर, अशा सगळ्या वाटांवर मिळून ते एक उत्तर शोधत होतं.

“असा मार्ग नाही,” यंत्र म्हणालं. “सिद्ध.”

“सचिवानं ठरवलं तर?” मागून सुवर्णानं विचारलं.

“असा मार्ग नाही. सिद्ध.”

“अध्यक्षांनी?”

“असा मार्ग नाही. सिद्ध.”

“आनि पोटच्या पोरानं?” आईनं विचारलं. दादानं मान खाली घातली.

“असा मार्ग नाही. सिद्ध.”

आईचे डोळे भरून आले होते. ती काउंटरची कड धरून उभी होती. “लगीन होऊन ह्या गावात आल्यापास्नं,” ती म्हणाली, “माझ्याबद्दल एवढं पक्कं कुणी बोललं न्हवतं. तुमच्या बापानंबी न्हाई.”

बाहेर टँकरनं पुन्हा हॉर्न दिला. दादा हळूच म्हणाला, “आई, वत आता दूध. टँकर थांबलाय.”

“थांबू दे त्याला,” आई म्हणाली. “धना, आनि एकडाव इचार.”